क्लासिक रॉकचे ६ गिटार सोलो: फोनवर ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

रील्स बघता बघता मध्येच गिटारचा एखादा तुकडा येतो. पंधरा सेकंद अंगावर काटा येतो आणि अंगठा पुढच्या व्हिडिओवर जातो. त्या तुकड्याच्या मागे सहा-आठ मिनिटांचं गाणं असतं, ते वाजवणारा माणूस असतो, आणि तारेपासून तुमच्या कानापर्यंत पसरलेली उपकरणांची लांबलचक साखळी असते. हे सगळं बघायचं राहूनच जातं.

आजच्या लेखात आपण क्लासिक रॉकमधले माझे आवडते सहा सोलो बघणार आहोत. प्रत्येक सोलोतून तंत्रज्ञानाची एकेक गोष्ट समजून घेऊया. यातल्या बऱ्याच जणांचा आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंध आहे, तोही बघू. शेवटी फोनमधल्या काही सेटिंग्ज सांगतो, त्याने ऐकण्यात खरंच फरक पडतो.

हा विषय घेण्यामागे एक कारण आहे. गिटार शिकणारी बरीच मुलं सोलो ऐकतात आणि आधी विचारतात, "हा आवाज कुठल्या पेडलचा? कुठलं ॲप घेऊ?" मग पैसे जातात आणि आवाज काही तसा येत नाही. आवाजातला कुठला भाग यंत्राचा आणि कुठला माणसाच्या बोटांचा, हे ओळखता आलं तर पैसेही वाचतात आणि ऐकण्याची मजाही वाढते.

सोलो म्हणजे काय, आणि तो आपल्याला नवा आहे का?

गायक थांबतो आणि काही वेळ गिटार एकटी पुढे येऊन बोलते, तो सोलो. आपल्याला हा प्रकार अजिबात नवा नाही. 'कर्ज' (१९८०) मधल्या 'एक हसीना थी' गाण्याची गिटारची धून आठवा. शब्द विसरलेली माणसंही ती गुणगुणतात. ती वाजवली होती गोरख शर्मा यांनी. 'दम मारो दम' (१९७१) मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, तेच पुढे गझलगायक म्हणून सगळ्यांना माहीत झाले. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये असे अनेक वादक होते, पण कॅसेटच्या कव्हरवर बहुतेकदा त्यांची नावं नसायची.

रॉकमध्ये मात्र गिटारवादकाचं नाव गायकाइतकंच मोठं झालं. त्याला मुख्य कारण इलेक्ट्रिक गिटार.

इलेक्ट्रिक गिटार चालते कशी?

साध्या गिटारचा आवाज तिच्या लाकडी पोकळ खोक्यात घुमून मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटार बहुतेकदा भरीव असते. तिच्या तारांखाली 'पिकअप' नावाचा भाग असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी थोडा विद्युतदाब तयार होतो. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात फॅरेडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकलो होतो, तेच हे. म्हणूनच इलेक्ट्रिक गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअपला काहीच ऐकू येणार नाही.

हा छोटा सिग्नल पेडलमधून ॲम्प्लिफायरमध्ये जातो, तिथून स्पीकरमध्ये. स्पीकरसमोर माइक, मग टेप किंवा कॉम्प्युटर, मग फाइल, मग तुमचं ॲप, ब्लूटूथ आणि शेवटी इयरबड. साखळीच्या प्रत्येक कडीवर आवाज थोडा बदलतो. आता एकेक सोलो घेऊ.

१. हॉटेल कॅलिफोर्निया (ईगल्स, १९७६): टेलिफोनवरून शिकलेला सोलो

वादक: डॉन फेल्डर आणि जो वॉल्श. गाण्याची शेवटची सुमारे दोन मिनिटं फक्त गिटारची आहेत. आधी दोघं आळीपाळीने वाजवतात, मग दोन्ही गिटारी एकत्र येऊन एकच नक्षी वेगवेगळ्या सुरांवर विणतात.

यामागचा एक किस्सा फेल्डरने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलाय. गाण्याची मूळ चाल त्याने घरी कॅसेटवर रेकॉर्ड केली होती. पुढे मायामीच्या स्टुडिओत दोघं नवीन काहीतरी वाजवायला लागले, तेव्हा गायक-ड्रमर डॉन हेन्लीने त्यांना थांबवलं. त्याला कॅसेटवर होतं तसंच्या तसं हवं होतं. कॅसेट तर कॅलिफोर्नियात घरी! फेल्डरने घरकाम सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावला, त्यांच्याकडून कॅसेट शोधून घेतली आणि ती रिसीव्हरसमोर वाजवायला सांगितली. मग आपणच केलेला सोलो फोनवर ऐकून पुन्हा शिकला.

हे जमलं कसं? जुन्या टेलिफोन लाइनमधून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. गिटारची सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली तर सुमारे ३३० हर्ट्झ, आणि त्याच तारेवर अगदी वरच्या पट्टीपर्यंत गेलो तर जवळपास १,२०० हर्ट्झ. म्हणजे सोलोचे बहुतेक मूळ सूर टेलिफोनच्या पट्ट्यात अगदी नीट बसतात. बास गिटार आणि ड्रमचा धक्का मात्र त्यातून जात नाही.

तुमच्या स्मार्टफोनच्या स्पीकरचंही थोडंफार तसंच आहे. एवढासा स्पीकर खालच्या पट्टीतली हवा हलवू शकत नाही. म्हणून फोनच्या स्पीकरवर सोलो ओळखता येतो, पण त्याच्या पायाखालची जमीन गायब झालेली असते.

काय ऐकायचं: दोन्ही इयरबड लावा. शेवटच्या भागात दोन गिटारी वेगवेगळ्या बाजूंना ठेवलेल्या जाणवतील. आधी एका बाजूचीच गिटार धरा, मग गाणं मागे नेऊन दुसरीच धरा.

२. बोहेमियन ऱ्हॅप्सडी (क्वीन, १९७५): घरी बनवलेली गिटार

वादक: ब्रायन मे. या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बुलसारा. जन्म झांझिबारचा, कुटुंब पारशी, आणि शाळा आपल्या पाचगणीची सेंट पीटर्स. तिथे मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला होता आणि त्यात तो पियानो वाजवायचा. महाबळेश्वरला जाताना पाचगणीत थांबलात तर हे लक्षात असू द्या.

आता मेची गिटार. चांगली गिटार विकत घेण्याएवढे पैसे नव्हते, म्हणून १९६३ मध्ये त्याने वडिलांच्या मदतीने स्वतःच बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले होते. दांड्यासाठी जुन्या फायरप्लेसवरची लाकडी फळी वापरली, तारांचा ताण सांभाळायला मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा लावल्या, दांड्यावरच्या खुणांसाठी आईच्या शिवणकामातली शिंपल्याची बटणं. तार छेडायला प्लास्टिकच्या पिकऐवजी तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. नाण्याच्या खरखरीत कडेमुळे सुराच्या सुरुवातीला एक बारीक दाणेदार खर्र ऐकू येते.

याच गिटारवर तो पुढे आयुष्यभर वाजवत आला. मध्ये २००७ साली त्याने खगोलभौतिकीत पीएचडीही पूर्ण केली.

काय ऐकायचं: गाण्याच्या पहिल्या संथ भागाच्या शेवटी सोलो येतो. मेने इथे गायकाचीच चाल उचललेली नाही, तिला उत्तर देणारी वेगळी चाल रचली आहे. हा सोलो तोंडाने गाऊन बघा, सहज गाता येतो. बोटांच्या आधी तो डोक्यात तयार झाला होता, हे त्यावरून कळतं.

३. कम्फर्टेबली नम्ब (पिंक फ्लॉइड, १९७९): फाटलेला आवाज इतका गोड कसा?

वादक: डेव्हिड गिल्मर. या गाण्यात दोन सोलो आहेत. शेवटचा जास्त गाजला. गिल्मर कमी सूर वाजवतो, पण एकेक सूर लांबच लांब टिकतो.

फोनचा आवाज पूर्ण वाढवला की स्पीकर फाटल्यासारखा वाजतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. सिग्नल इतका मोठा होतो की लाटेचा वरचा आणि खालचा भाग यंत्राच्या मर्यादेला आपटून सपाट होतो. याला 'क्लिपिंग' म्हणतात. लाट सपाट झाली की मूळ सुराच्या पटीतले नवे सूर तयार होतात आणि आवाज भरदार, खरखरीत होतो. गिटारवादक हेच मुद्दाम करतात, त्याचं नाव डिस्टॉर्शन.

याचा आणखी एक फायदा आहे. तार छेडल्यावर तिचा आवाज हळूहळू कमी होत जातो. पण सिग्नल मर्यादेच्या खूप वर नेऊन कापला, तर मूळ आवाज अर्धा झाला तरी कापलेल्या लाटेची उंची जवळपास तेवढीच राहते. म्हणून सूर विझत नाही, गायकाने श्वास धरून ठेवल्यासारखा टिकतो. त्यावर प्रतिध्वनी देणारं 'डिले' लावलं की मोठ्या मोकळ्या जागेचा भास होतो.

इथपर्यंत यंत्राचं काम झालं. आता बोटांचं बघू. गिल्मर तार पट्टीवर दाबून आडवी ओढतो, त्याने सूर वर चढतो. सतारीवर मींड घेतात तोच प्रकार. एक पूर्ण स्वर वर जायला तारेचा ताण सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो. तो थोडा कमी पडला तर बेसूर, थोडा जास्त झाला तरी बेसूर. किती ओढायचं, किती वेळात पोचायचं आणि वर पोचल्यावर सूर किती हलवायचा, हे कुठलंही पेडल ठरवत नाही.

आणखी एक गंमत. हा सोलो एका दमात वाजवलेला नाही. गिल्मरने पाच-सहा वेळा वेगवेगळं वाजवलं, प्रत्येकातले चांगले तुकडे कागदावर टिपले आणि मग त्या तुकड्यांमधून एक सोलो जोडला. म्हणजे वादकाइतकंच इथे संपादकाचंही डोकं आहे, आणि दोन्ही एकाच माणसाची.

त्याची 'ब्लॅक स्ट्रॅट' ही गिटार २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. पैसे मोजणाऱ्याला गिटार मिळाली, पण मींड काही त्यात येत नाही.

४. स्टेअरवे टू हेवन (लेड झेपेलिन, १९७१): थांबायला लावणारं गाणं

वादक: जिमी पेज. गाणं आठ मिनिटांचं. पहिली चार मिनिटं ड्रमच नाहीत. सोलो यायला जवळपास सहा मिनिटं लागतात. रीलच्या हिशोबाने हे गाणं सुरू होण्याआधीच संपलं!

पण इथे वाट बघणं हाच रचनेचा भाग आहे. साध्या गिटारपासून सुरुवात होते, एकेक वाद्य जोडलं जातं, लय आणि आवाज वाढत जातो. बंद दारावर दाब साठत जावा तसं. सोलो आला की तो दाब मोकळा होतो. तुम्ही थेट सहाव्या मिनिटाला उडी मारलीत तर सूर तेच ऐकू येतील, पण परिणाम होणार नाही. ख्यालात विलंबित न ऐकता थेट द्रुत ऐकावं तसं ते होईल.

पेजने हा सोलो आधी लिहून ठेवला नव्हता. त्याने काही वेळा वाजवला आणि त्यातला एक निवडला. गिटार होती १९५९ ची टेलिकास्टर.

१९७२ मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या स्टुडिओत त्यांनी बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांच्या मदतीने भारतीय वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ती रेकॉर्डिंग्ज अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. आज स्ट्रीमिंग ॲपवर 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' या नावाने शोधता येतात. तबला आणि रॉक गिटार एकाच खोलीत भेटल्यावर काय होतं, ते ऐकण्यासारखं आहे.

५. सुलतान्स ऑफ स्विंग (डायर स्ट्रेट्स, १९७८): लपायला जागा नाही

वादक: मार्क नॉप्फलर. डिस्टॉर्शनचा आवाज मोठा आणि भरलेला असतो, त्यात बारीकसारीक गोष्टी झाकल्या जातात. या गाण्यात गिटार जवळपास स्वच्छ आहे, त्यामुळे बोटाची प्रत्येक हालचाल ऐकू येते.

नॉप्फलर पिक वापरत नाही. अंगठा आणि बोटांनी तारा छेडतो. बोटाचं मांस लागलं की सूर मऊ येतो, जोरात खेचून सोडला की तडकतो. एकाच वाक्यात तो हे दोन्ही करतो, म्हणून त्याची गिटार बोलल्यासारखी वाटते.

यातला यंत्राचा भाग असा. स्ट्रॅटोकास्टर गिटारला तीन पिकअप असतात. जुन्या गिटारींवर निवडीचं बटण तीनच जागी अडकायचं, पण वादकांना कळलं की ते दोन जागांच्या मध्ये अलगद ठेवलं तर दोन पिकअप एकदम चालू राहतात. दोघांचे सिग्नल मिसळताना काही सूर एकमेकांना कमी करतात आणि आवाज थोडा पोकळ, टणत्कारी होतो. पुढे कंपनीने पाच जागांचं बटणच देऊन टाकलं. वापरणाऱ्यांनी शोधलेला जुगाड नंतर अधिकृत फीचर झाला, हे सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीचं वाटेल.

नॉप्फलर २००५ साली मुंबईत वाजवून गेला.

काय ऐकायचं: शेवटच्या सोलोतल्या पटापट येणाऱ्या सुरांच्या साखळ्या सगळ्यांना माहीत असतात. त्या आधी, गायनाच्या प्रत्येक ओळीनंतर गिटार जे छोटं उत्तर देते त्याकडे लक्ष द्या. गाणारा आणि वाजवणारा एकच माणूस आहे, त्यामुळे तो स्वतःशीच गप्पा मारतोय.

६. बीट इट (मायकल जॅक्सन, १९८२): दोन्ही हात दांड्यावर

वादक: एडी व्हॅन हेलन. पॉप गाण्यातला हा रॉक सोलो. एडीने यासाठी मानधन घेतलं नव्हतं.

नेहमी डावा हात तार दाबतो आणि उजवा छेडतो. 'टॅपिंग'मध्ये उजव्या हाताचं बोटही दांड्यावर येऊन तारेवर टकटक करतं. तार छेडण्याऐवजी पट्टीवर आपटून वाजते. त्यामुळे एका हाताच्या आवाक्याबाहेरचे सूर एकमेकांना चिकटून, पाण्यासारखे येतात. टॅपिंग एडीच्या आधीही काहीजण करत होते, पण १९७८ च्या 'इरप्शन' या पावणेदोन मिनिटांच्या तुकड्याने त्याने ते घराघरांत पोचवलं.

इथेही यंत्र आणि बोटं एकमेकांना धरून आहेत. बोट आपटल्यावर येणारा आवाज मुळात क्षीण असतो. डिस्टॉर्शनमुळे तो छेडलेल्या सुराच्या बरोबरीला येतो. साध्या गिटारवर हेच केलं तर आवाज बराच बारीक वाटतो.

१ नोव्हेंबर १९९६ ला जॅक्सनचा कार्यक्रम अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला, तेव्हा त्याच्या त्या दौऱ्यात गिटारवर होती जेनिफर बॅटन. टॅपिंगमध्ये तिचा हात धरणारे फार कमी. तुमच्या आई-बाबांपैकी कोणी त्या गर्दीत होतं का, विचारून बघा.

आणि आपले गिटारवाले?

१९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला. त्यांच्या गिटारवादकांमध्ये महेश तिनईकर होते, गायक उदय बेनेगल. १९८८ मध्ये त्यांनी 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढे १९९३ मध्ये बँडचं नाव 'इंडस क्रीड' झालं. तो काळ डोळ्यांसमोर आणा. इंटरनेट नाही, परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायर महाग आणि दुर्मीळ. सोलो शिकायचा तर कॅसेट मागे-पुढे करून. धोबी तलावजवळचं रंगभवन हे या मंडळींचं माहेरघर होतं, आणि १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाने नव्या बँडना मंच दिला. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातलं संगीत थांबलं.

आजच्या पिढीतलं एक नाव जरूर ऐका: मुंबईचा वॉरन मेंडोन्सा. 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने तो बहुतेक शब्दांविना, गिटारप्रधान रचना करतो. २०१७ चा 'द लास्ट ॲनालॉग जनरेशन' हा अल्बम सुरुवात म्हणून चांगला आहे. गिल्मर आवडला असेल तर हा नक्की आवडेल.

फोनवर ऐकताना या गोष्टी तपासा

मी चेण्यात राहतो. ठाण्याला जाताना एका बाजूला वसईची खाडी आणि दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर. गायमुखच्या चढावर ट्रॅफिक अडकलं की 'स्टेअरवे' दोनदा ऐकून होतं. घोडबंदर रोडवरच्या बसमध्ये जे उपयोगी पडतं, ते सांगतो.

मोनो ऑडिओ बंद आहे ना, बघा. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तो महत्त्वाचा आहे. तुम्हाला गरज नसेल आणि चुकून चालू राहिला असेल, तर डावी-उजवी गिटार एकाच जागी येऊन बसते. वायरच्या इयरफोनची एकच बाजू कानात घालत असाल तर अर्धं संगीत तसंही बाहेर राहिलं.

बास बूस्ट काढा. इक्वलायझरमध्ये खालचे सूर फुगवले की त्यांच्याखाली गिटारचा मधला पट्टा दबतो. सोलो ऐकायचा तर इक्वलायझर सपाट ठेवा.

ॲपमधली ऑडिओ क्वालिटी तपासा. बहुतेक ॲपमध्ये वाय-फाय आणि मोबाइल डेटासाठी वेगळी सेटिंग असते, आणि डेटा वाचवायच्या मोडमध्ये ती खाली येते. घरच्या वाय-फायवर चांगल्या क्वालिटीत गाणी डाउनलोड करून ठेवली तर डेटाही वाचतो.

ब्लूटूथ कोडेक. फोनमधून इयरबडपर्यंत आवाज दाबून पाठवला जातो. दाबायची पद्धत म्हणजे कोडेक. एसबीसी सगळीकडे चालतो, आयफोन एएसी वापरतो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एलडॅक मिळतो, त्याचा कमाल वेग ९९० केबीपीएस. पण इयरबडलाही तोच कोडेक कळायला हवा. धावत्या बसमध्ये हा फरक फारसा कळत नाही, त्यामुळे केवळ यासाठी महागडे इयरबड घेऊ नका.

नॉइज कॅन्सलेशन असेल तर वापरा. बसच्या इंजिनाची एकसुरी घरघर त्याला चांगली कापता येते, हॉर्न तितका नाही. खरा फायदा असा की घरघर कमी झाली की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. आवाज वाढवला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. कानातल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

स्पीड-अप व्हर्जन टाळा. गाणं नुसतं पळवलं की सूरही चढतो आणि गिल्मरची मींड कार्टूनसारखी वाटते.

शिकायचं असेल तर

पूर्वी वादक ३३⅓ वेगाची तबकडी १६⅔ वर लावून सोलो शिकायचे. वेग बरोबर निम्मा, सूरही बरोबर एक सप्तक खाली. आज यूट्यूबवर ०.५ वेग निवडला तरी सूर खाली येत नाही. सॉफ्टवेअर आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतं आणि ते एकमेकांवर थोडे चढवून लांबवर पसरतं. लाटेची कंपनं तशीच राहतात, फक्त त्यांना जास्त वेळ मिळतो. खूप हळू केलं की आवाज थरथरतो, तो या जोडांमुळेच.

दुसरं साधन म्हणजे एआयने वाद्यं वेगळी करणं. डीझर कंपनीने २०१९ मध्ये 'स्प्लीटर' हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, मेटाचं 'डेमक्स'ही खुलं आहे, आणि आता अशी सोय देणारी ॲप्स फोनवरही आहेत. गायन, ड्रम, बास आणि 'बाकीचं' असे भाग मिळतात. गिटार बहुतेकदा 'बाकीच्या'त सापडते. पण लक्षात ठेवा, इथे मॉडेल अंदाज बांधतंय. सुराच्या कडा कधी पाणचट होतात, तेव्हा शेवटचा निवाडा मूळ रेकॉर्डिंगवरच करा.

गिटार फोनला जोडून वाजवणार असाल तर वायरचे हेडफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण आपण छेडलेली तार उशिरा ऐकू आली की हात अडखळतात.

आणि पेडल घेण्याआधी एक परीक्षा घ्या. 'कम्फर्टेबली नम्ब'मधली एकच मींड निवडा आणि हातात असेल त्या गिटारवर, साध्या आवाजात, बरोबर सुरात येईपर्यंत वाजवा. ट्यूनरचं फुकट ॲप समोर ठेवा, काटा कुठे थांबतो ते दिसेल. बोटं दुखतील, पहिले काही दिवस काटा हवा तिथे थांबणारच नाही. तो थांबायला लागला की मग पेडलच्या दुकानात जा. तेव्हा तुम्हाला नेमकं काय विकत घ्यायचंय ते कळलेलं असेल.